टायमरची फ्रिक्वेन्सी बदलताना मध्येच झटका येतोय? ड्रायव्हर बदलण्याआधी हे बघा

हा प्रॉब्लेम इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या रूपात समोर येतो की एकदा सगळं नीट लिहून ठेवावं म्हटलं. आर्डुइनो उनो किंवा नॅनो बोर्ड घेतलाय, त्याच्या चिपमधला टायमर१ वापरून स्क्वेअर वेव्ह काढायचीय आणि पॉट (नॉब) फिरवून किंवा रॅम्प देऊन, म्हणजे टप्प्याटप्प्याने सरकवत, फ्रिक्वेन्सी बदलायचीय, स्टेपर मोटरसाठी म्हणा, बझरवर स्वीप म्हणा, नाहीतर साधा फंक्शन जनरेटर बनवायचाय म्हणा. एका ठराविक फ्रिक्वेन्सीवर सगळं मस्त चालतं, पण फ्रिक्वेन्सी बदलत असताना कधीतरी मोटर "टक्" करून अडते, थरथरते आणि परत चालू होते, बझरमधून मध्येच खट्ट असा आवाज येतो, आणि परत करून बघितलं तर होईलच असंही नाही. मग लोक सप्लाय बदलतात, कपॅसिटर लावतात, मोटर चालवणारा ड्रायव्हर बोर्ड गरम होतोय म्हणून लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर बुधवार पेठेतून नवा आणतात, आणि तो लावूनही तेच होतं.

आधी एक गोष्ट ठरवा, कारण इथेच वाट फुटते. फ्रिक्वेन्सी स्थिर असताना पण चुकीची येतेय, का स्थिर असताना बरोबर आहे आणि फक्त बदलताना घोळ होतोय? हे दोन पूर्ण वेगळे आजार आहेत आणि दोन्ही एकदम शोधायला गेलं की काहीच सापडत नाही. आणि मोटर काढून ठेवा, नुसता सिग्नल बघा. मोटर स्वतःच झेपत नाही म्हणून स्टेप सोडत असेल तर तो टायमरचा दोष नाही, तिथे रॅम्प हळू करायला लागतो.

बदलतानाचा झटका हाच खरा त्रासदायक, म्हणून तो आधी घेतो.

बहुतेक जणांचा कोड सीटीसी मोडमध्ये असतो, म्हणजे काउंटर शून्यापासून मोजत जातो, ओसीआर१ए या रजिस्टरमध्ये (चिपमधल्या आकडा ठेवायच्या जागेत) लिहिलेल्या आकड्याला पोचला की पिन उलटी होते आणि काउंटर परत शून्य. १६ मेगाहर्ट्झ क्लॉक आणि प्रीस्केलर (क्लॉकला ज्याने भागायचं तो आकडा) ८ धरला तर एक टिक अर्ध्या मायक्रोसेकंदाचा, आणि १००० हर्ट्झसाठी ओसीआर१ए मध्ये ९९९ लिहायचं. आता समजा तुम्ही फ्रिक्वेन्सी १००० वरून २००० केली, म्हणजे ओसीआर१ए मध्ये ४९९ लिहिलं, आणि नेमकं लिहिताना काउंटर ७०० वर होता. सीटीसी मोडमध्ये ओसीआर१ए ची किंमत लिहिल्या क्षणी लागू होते, वाट बघत नाही. काउंटर तर ४९९ च्या पुढे निघून गेलेला, त्यामुळे मॅच हुकला, आणि तो आता ७०० वरून थेट ६५५३५ पर्यंत जाणार, तिथून शून्यावर येणार आणि मग कुठे ४९९ ला भेटणार. सकाळी सहा वाजता उठून पाचचा गजर लावला तर तो उद्याच वाजणार ना, तसंच. १६ बिट टायमरला एक पूर्ण फेरी म्हणजे ६५५३६ टिक, प्रीस्केलर ८ ला हे होतात ३२.७७ मिलिसेकंद, आणि तेवढा वेळ पिन जिथल्या तिथे अडकून बसते. सेकंदाला दोन हजार पल्स घेणाऱ्या मोटरला ३३ मिलिसेकंद एकही पल्स मिळाला नाही तर ती अडणारच, आणि त्यानंतर एकदम पूर्ण स्पीडचे पल्स आले की स्टेप सोडणारच.

यातून ओळखायची सगळ्यात सोपी खूण मिळते. फ्रिक्वेन्सी वाढवताना झटका येतो, कमी करताना कधीच येत नाही. कमी करताना ओसीआर मोठा होतो, तो काउंटरच्या पुढेच असतो, त्यामुळे हुकायचा प्रश्नच नाही. रॅम्प वर जाताना अडतंय आणि खाली येताना लोण्यासारखं चालतंय असं असेल तर डोळे झाकून हेच कारण धरा.

आणि हे "कधीतरीच" का होतं तेही बघा, कारण या कधीतरीमुळेच सगळे वायरिंगवर संशय घेतात. १००० वरून १०१० हर्ट्झ केलं तर ओसीआर ९९९ वरून ९८९ होतो. काउंटर ९९० ते ९९९ च्या मध्ये असतानाच लिहिलं गेलं तरच हुकेल, म्हणजे साधारण शंभरात एकदा. यावर हमखास सुचणारा उपाय म्हणजे रॅम्पच्या पायऱ्या अजून बारीक करणं, पण त्याने काही होत नाही, कारण पायरी अर्धी केली की प्रत्येक वेळची शक्यता अर्धी होते पण पायऱ्या दुप्पट होतात. ५०० ते ४००० हर्ट्झ असा रॅम्प वर नेला तर पायऱ्या कितीही बारीक करा, सरासरी दोनेक वेळा हुकण्याची शक्यता राहतेच (४००० भागिले ५०० म्हणजे ८, आणि ८ चा नॅचरल लॉग २.०८, गणिताची आवड असलेल्यांनी करून बघा, छान निघतं).

आता हे डोळ्यांनी कसं बघायचं. मल्टीमीटरच्या फ्रिक्वेन्सी रेंजवर हे दिसणार नाही, तो सरासरी दाखवतो, एक गॅप त्यात विरघळून जातो आणि तुम्हाला वाटतं सिग्नल ठीक आहे. स्वस्तातला ८ चॅनलचा २४ मेगाहर्ट्झवाला लॉजिक अ‍ॅनालायझर मिळतो, तो पल्सव्ह्यू सॉफ्टवेअरबरोबर चालतो, तो असेल तर उत्तम. ४ मेगाहर्ट्झला सॅम्पल करा, पाच सेकंद पकडा, रॅम्प वर नेत राहा आणि मग झूम आऊट करून बघा. दाट पट्ट्यामध्ये एकच कोरी फट दिसेल, तिच्या आधी आणि नंतर पल्स अगदी नियमित. त्या फटीवर कर्सर लावून लांबी मोजा. ३२.८ मिलिसेकंदाहून किंचित जास्त असेल तर प्रीस्केलर ८, ४.१ असेल तर प्रीस्केलर १, २६२ असेल तर प्रीस्केलर ६४. वायर ढिली असेल किंवा सप्लाय पडत असेल तर दर वेळी बरोब्बर एवढीच फट पडणार नाही. अ‍ॅनालायझर नसेल तर साधा पॅसिव्ह पिझो बझर पिनला लावून रॅम्प ऐका, सरकत जाणाऱ्या सुरात खट्ट आवाज स्पष्ट ऐकू येतो.

उपाय म्हणजे मोड बदला. टायमर१ चा मोड १५, फास्ट पीडब्ल्यूएम ज्यात टॉप (काउंटर जिथून शून्यावर परततो तो आकडा) म्हणजे ओसीआर१ए. या मोडमध्ये ओसीआर१ए डबल बफर्ड असतो, म्हणजे तुम्ही कधीही लिहा, नवीन आकडा बाजूला थांबतो आणि काउंटर तळाला आला की मगच लागू होतो. हुकायचा विषयच संपला. बाकी काही बदलत नाही, टायमरची ओसी१ए ही आउटपुट पिन टॉगल होत (उलटत) राहते, सूत्र पण तेच: फ्रिक्वेन्सी = क्लॉक ÷ (२ × प्रीस्केलर × (ओसीआर१ए + १)). टीसीसीआर१ए या कंट्रोल रजिस्टरमध्ये बायनरी ०१००००११ आणि टीसीसीआर१बी मध्ये ०००११०१०, म्हणजे मोड निवडणारे डब्ल्यूजीएमचे चारही बिट १, पिन टॉगल करणारा कॉम१ए० बिट १, आणि प्रीस्केलर ८. टॉगलची सोय फास्ट पीडब्ल्यूएममध्ये फक्त मोड १४ आणि १५ लाच आहे, दुसऱ्या फास्ट मोडमध्ये हाच बिट लावला तर पिन टायमरपासून तुटलेलीच राहते. आणि या मोडमध्ये ओसीआर१ए ३ च्या खाली नेऊ नका, डेटाशीटमध्ये तीच किमान मर्यादा दिलीय.

इथे एक सापळा आहे. मोड १४ पण दिसायला तसाच, फक्त टॉप म्हणजे आयसीआर१ हे दुसरं रजिस्टर, आणि आयसीआर१ डबल बफर्ड नाही. डेटाशीटमध्ये स्वच्छ लिहिलंय की चालू काउंटरपेक्षा छोटा आकडा आयसीआर१ मध्ये गेला तर मॅच हुकू शकतो. त्यामुळे "मी तर पीडब्ल्यूएम मोड वापरतोय तरी झटका येतोय" असं असेल तर टॉप कुठला आहे ते बघा. टायमरवन लायब्ररी पण आयसीआर१ वालाच मोड वापरते, ठराविक पिरियडसाठी ती उत्तम आहे पण सतत पिरियड बदलायचा असेल तर रजिस्टर स्वतः हाताळलेलं बरं.

दोन जुगाड फार फिरतात म्हणून त्यांच्याबद्दल. पहिला म्हणजे ओसीआर लिहिलं की लगेच टीसीएनटी१ (म्हणजे काउंटरच) शून्य करायचं. लांब फट जाते हे खरं, पण चालू असलेली अर्धी सायकल प्रत्येक वेळी नव्याने सुरू होते, आणि जर लूपच्या प्रत्येक फेरीत हे करत असाल तर आउटपुट पूर्ण बंद पडतं. एका अ‍ॅनालॉगरीडला ११० मायक्रोसेकंदाच्या आसपास लागतात, म्हणजे लूप फार तर दीडशे मायक्रोसेकंदात फिरतोय, आणि १ किलोहर्ट्झची अर्धी सायकल आहे ५०० मायक्रोसेकंदांची, मग काउंटर बिचारा ९९९ पर्यंत पोचणार कधी? पिनवर सरळ रेघ. वरच्या फ्रिक्वेन्सीला चालतं आणि खाली आणलं की मरतं असं लक्षण असेल तर टीसीएनटी१ शून्य करणारी ओळ शोधा. दुसरा जुगाड म्हणजे कंपेअर मॅचच्या इंटरप्टमध्येच (मॅच झाला की मेन कोड थांबवून आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) नवीन ओसीआर लिहायचा. हा पटण्यासारखा आहे, कारण तेव्हा काउंटर नुकताच शून्यावर आलेला असतो, पण मिलिस (वेळ मोजणारं फंक्शन) आणि सिरियलचे इंटरप्ट मध्ये आले की काही मायक्रोसेकंद उशीर होतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला तेवढा उशीर पुरतो. हार्डवेअरमध्ये फुकट बफर दिलेला असताना हे कशाला करायचं असं माझं मत.

इंटरप्टवरून आठवलं, १६ बिट रजिस्टर लिहिताना चिप आधी वरचा बाइट एका टेंप रजिस्टरमध्ये ठेवते आणि मग खालचा बाइट आला की दोन्ही एकदम लिहिते, आणि हा टेंप टायमर१ च्या सगळ्या १६ बिट रजिस्टरांना सामायिक आहे. मेन लूपमध्ये ओसीआर१ए लिहीत असताना मध्येच इंटरप्ट आला आणि त्याने टीसीएनटी१ वाचला की टेंप बिघडला आणि भलताच आकडा लिहिला जातो. हे अगदी क्वचित होतं म्हणून सापडायला फार जड जातं. तुमच्या इंटरप्टमध्ये टायमर१ चं कुठलंही १६ बिट रजिस्टर हाताळलं जात असेल तर मेनमधलं लिहिणं अ‍ॅटॉमिक ब्लॉकमध्ये टाका, म्हणजे तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद राहतात, दोन ओळींचं काम आहे. आणि स्टेप मोजण्यासाठी कंपेअर इंटरप्ट लावला असेल तर लक्षात ठेवा की टॉगलमध्ये एका पल्सला दोन मॅच होतात, मोटर ठरल्यापेक्षा अर्धंच अंतर जातेय अशी तक्रार असेल तर कारण हेच.

टॉगलमध्ये अजून एक बारीक गोष्ट राहते, बदल अर्ध्या सायकलला लागू होतो त्यामुळे ज्या सायकलमध्ये बदल झाला तिचा हाय आणि लो भाग थोडा वेगळा येतो. स्टेपरला, बझरला काही फरक पडत नाही. पडत असेल तर पिन १० म्हणजे ओसी१बी वापरा, मोड १५ च ठेवा, ओसीआर१बी ला ओसीआर१ए च्या निम्मं द्या आणि टॉगल न वापरता साधं पीडब्ल्यूएम काढा. मग पूर्ण सायकल एका फेरीत बसते आणि सूत्रातला २ जातो. फक्त दोन्ही रजिस्टर लागोपाठ, इंटरप्ट बंद ठेवून लिहा, तरीही नेमकं मधोमध काउंटर तळाला आला तर एक सायकल ड्युटी (हाय भागाचं प्रमाण) हललेली दिसू शकते.

आता दुसरा आजार, फ्रिक्वेन्सी स्थिर आहे पण चुकीची आहे. इथे गुणोत्तर काढा, तेच बोलतं. बरोब्बर निम्मी किंवा दुप्पट असेल तर सूत्रातला २ राहिला किंवा बोर्ड ८ मेगाहर्ट्झचा आहे (३.३ व्होल्टवाला प्रो मिनी तसा असतो). १६ पट कमी असेल आणि तुम्ही ब्रेडबोर्डवर नुसती कोरी चिप लावली असेल, तर कारखान्यातून ती आतल्या ८ मेगाहर्ट्झला ८ ने भागून १ मेगाहर्ट्झवर चालवायलाच सेट होऊन येते, फ्यूज (चिपमधले सेटिंगचे बिट) बदलावे लागतात. एकदोन टक्क्यांचा फरक आणि तो वर जाताना वाढत जातोय, म्हणजे "+ १" विसरलं गेलंय: प्रीस्केलर १ ला १०० किलोहर्ट्झसाठी ७९ लिहायचं, ८० लिहिलं की ९८७६५ हर्ट्झ येते. सगळीकडे सारखाच अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक असेल तर कोडला हात लावू नका, उनोवर मेन चिपला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो, त्याची अचूकता तेवढीच.

एक खास केस सांगतो. फ्रिक्वेन्सी २०४७ पर्यंत अगदी बरोबर आणि २०४८ केली की एकदम १५ हर्ट्झ. हे दिसलं तर हार्डवेअरकडे बघूच नका. कोडमध्ये २ * ८ * एफ असं लिहिलेलं असतं आणि एफ (फ्रिक्वेन्सी) इंट असतो, उनोवर इंट १६ बिटचा, ३२७६७ च्या पुढे गेला की निगेटिव्ह होतो. १६ गुणिले २०४८ म्हणजे ३२७६८, संपलं. १६००००००ला त्याने भागलं की उणे ४८८, त्यातून एक वजा, आणि ते रजिस्टरमध्ये ६५०४७ म्हणून बसतं, फ्रिक्वेन्सी १५.४ हर्ट्झ. एफ ला अनसाइन्ड लाँग करा, झालं.

पिनवर काहीच येत नसेल तर आधी पिनमोड आउटपुट केलाय का बघा, आणि पिन बरोबर आहे का तेही: ओसी१ए उनोवर ९ आहे पण मेगावर ११. त्यानंतरचं नेहमीचं कारण म्हणजे रजिस्टर कोरं न करता त्यावर ऑर करणं, म्हणजे जुने बिट तसेच ठेवून नवे मिसळणं. आर्डुइनो कोअर सेटअप सुरू होण्याआधीच टायमर१ ला ८ बिट पीडब्ल्यूएममध्ये प्रीस्केलर ६४ ला लावून ठेवतं. त्यावर तुम्ही प्रीस्केलर ८ चा बिट ऑर केला तर तो आधीच १ आहे, ६४ च राहतो. २५६ चा बिट ऑर केला तर तीनही बिट १ होतात, त्याचा अर्थ क्लॉक बाहेरून पिन ५ वरून घ्यायचा, आणि टायमर जागीच थांबतो. म्हणून क्रम ठेवा: दोन्ही कंट्रोल रजिस्टर शून्य, टीसीएनटी१ शून्य, ओसीआर१ए मध्ये पहिला आकडा, मग मोडचे बिट आणि क्लॉक सगळ्यात शेवटी. सर्वो लायब्ररी त्याच स्केचमध्ये असेल तर ती पण टायमर१ च वापरते, दोघांचं एकत्र जमणार नाही.

पॉट न हलवता पण सूर थरथरत असेल तर तो एडीसीचा (पॉटचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाचा) शेवटचा बिट हलतोय. मागच्या वाचनापेक्षा दोनतीन आकड्यांनी फरक पडला तरच ओसीआर लिहा. आणि पॉटची किंमत थेट ओसीआरला मॅप करू नका, फ्रिक्वेन्सी ओसीआरच्या व्यस्त प्रमाणात जाते, मग अर्धं पॉट फिरेपर्यंत काही होत नाही आणि शेवटच्या टोकाला सगळी उडी. आधी फ्रिक्वेन्सी मॅप करा, मग त्यातून ओसीआर काढा.

रेंज निवडताना प्रीस्केलर एकच ठेवायचा प्रयत्न करा, कारण प्रीस्केलर बदलला की तो ताबडतोब लागू होतो पण ओसीआर बफरमध्ये थांबलेला असतो, मधली अर्धी सायकल भलत्याच लांबीची निघते. प्रीस्केलर १ ला सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी १२२ हर्ट्झ, ८ ला १५.३, ६४ ला १.९. बदल्यात वरच्या टोकाला पायऱ्या मोठ्या होतात, २० किलोहर्ट्झला प्रीस्केलर ८ वर पुढची फ्रिक्वेन्सी थेट २०४०८, तर प्रीस्केलर १ वर सुमारे २००५०. १०० किलोहर्ट्झच्या वर तर प्रीस्केलर १ ला पण पुढची पायरी १०१२६६ हर्ट्झ. तिथे एकेक हर्ट्झने सरकायचं असेल तर हा टायमर ते करूच शकत नाही, एडी९८३३ या फ्रिक्वेन्सी बनवणाऱ्या चिपचं मॉड्यूल घ्या, २५ मेगाहर्ट्झ क्लॉकवर ते ०.१ हर्ट्झच्या पायऱ्या देतं आणि स्क्वेअर वेव्ह पण काढतं.

एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर वाल्यांना पण हाच झटका बसतो, फक्त नावं वेगळी. तिथे टॉप म्हणजे एआरआर, आणि त्याचा प्रीलोड, एआरपीई बिट, रिसेटनंतर बंद असतो, म्हणजे आपल्या सीटीसीसारखंच वागतो. क्यूबमध्ये (त्याच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) ऑटो रीलोड प्रीलोड एनेबल करा, कंपेअरचा प्रीलोड पण. प्रीस्केलर तिथे मुळातच बफर्ड आहे, त्यामुळे एआरआर आणि पीएससी (प्रीस्केलर) दोन्ही एकाच अपडेटला बदलतात, हे त्याचं सुख. फ्रिक्वेन्सी दुप्पट येत असेल तर एपीबी१ या आतल्या बसचा डिव्हायडर १ नसताना टायमरला बसच्या दुप्पट क्लॉक मिळतो हे बघा, ब्लू पिल बोर्डवर बस ३६ मेगाहर्ट्झ पण टायमर ७२. आणि एसटीएम३२ एफ४ चिपवर टायमर२ ३२ बिटचा आहे, तिथे ८४ मेगाहर्ट्झला प्रीस्केलरशिवाय मॅच हुकला तर पूर्ण फेरीला ५१ सेकंद लागतात, त्यामुळे बोर्ड हँग झाला असंच वाटतं आणि लोक रिसेट मारतात. रिसेट न मारता मिनिटभर थांबून बघा, आउटपुट आपोआप परत आलं तर एआरपीई लावा.